एका धड्यापुरते सर

मी घरात गोष्ट सांगायला बसले की मुलगा हेडफोन शोधायला लागतो आणि नवऱ्याला एमआयडीसीतली पाळी आठवते, सुट्टीचा वार असला तरी. माझ्या गोष्टी लांबतात, मधे फाटे फुटतात आणि शेवट यायच्या आत भात थंड होतो, हे मला मान्य आहे. सरांची गोष्ट काढली की मात्र दोघंही गप्प बसून ऐकतात. कारण सर काय चीज होते ते त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर पाहिलं आहे.

सर महाडला आमच्याकडे जेवायला आले होते. मी बांगड्याचं कालवण केलं होतं, आणि त्यांनी ते वाखाणावं म्हणून खोबरं जरा हात सैल सोडून वाटलं होतं. सरांनी चवीबद्दल एक शब्द काढला नाही. ते सावकाश एकेक काटा चोखत होते आणि ताटाच्या कडेला मांडत होते. जेवण संपलं तेव्हा तिथे अख्खा बांगडा पुन्हा तयार झाला होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत, फक्त मांस तेवढं नव्हतं. मग त्यांनी माझ्या मुलाला जवळ ओढलं, त्याच्या मानेच्या मणक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा तुझा कणा, हा त्याचा. घडण एकच. तू घरातून जरा उशिरा निघालास, एवढंच."

मुलाने पुढे कितीतरी दिवस मासे खाल्ले नाहीत. नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी त्यांना वरण-भात वाढ."

पोलादपूरहून कापड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला आमची शाळा आहे. तिथे सर विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. दोन वर्गांच्या मधे लाकडी पार्टिशन. त्यामुळे इतकी वर्षं मी मराठी शिकवलं आणि विज्ञान ऐकलं. माझ्या वर्गातली मुलंही माझ्याऐवजी त्यांनाच ऐकत होती, हे मला सहामाहीचे पेपर तपासताना कळायचं.

मुलं त्यांना पाठीमागे माकडसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचा आक्षेप फक्त शास्त्रीय होता. पार्टिशनपलीकडून एकदा ऐकलेलं सांगते.

"आपण माकडापासून झालो असं कोण म्हणतं?"

"सगळीच म्हणतात सर."

"तुझा चुलत चुलता तुझा बाप आहे का?"

"नाय."

"मग तुझा कोण तो?"

"भावकी."

"हां. घर वेगळं, चूल वेगळी, मूळ पुरुष एक. माकड आपली भावकी आहे. बाप नव्हे."

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मंग बोलणं का बंद हाय सर त्यांच्याशी?"

वर्ग हसला. माझाही हसला. सर हसले नाहीत. "बोलणं बंद झालं म्हणून भावकी तुटते का? सुतक येतंच."

"म्हंजी माकड मेला तर आमाला सुतक?"

"यायला हवं. आपण पाळत नाही."

"आमच्या वालाच्या शेंगा तीच नेतात सर."

"मग? भावकी नाही नेणार तर कोण नेणार?"

दुसऱ्या दिवशी एक आई शाळेत आली. डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "सर, माझ्या पोराने सकाळपासून चहात दूध घेतला नाय. माकडाचं सुतक हाय म्हणतो." सरांनी तिला बसवून घेतलं आणि अर्धा तास समजावलं. ती उठताना म्हणाली, "ता सगळा बरोबर हाय. पन दूध घ्यायला सांगा त्याला."

आमचे मुख्याध्यापक एकदा ओल्या पायरीवरून घसरले आणि पालथ्या घागरीसारखे बसले. माकडहाड दुखावलं. स्टाफ त्यांना बघायला गेला. आम्ही फळं नेली. सर रिकाम्या हाताने आले, पण चेहऱ्यावर असा आनंद की मला कोपर मारावं लागलं. "साहेब," ते म्हणाले, "शेपटी गेली, पण तिचं बूड राहिलं. तेच दुखतंय तुम्हाला. आणि त्याला माकडहाड हे नाव काही डार्विनने दिलेलं नाही, तुमच्या-माझ्या आज्यांनी दिलंय." मुख्याध्यापक कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चहा घेऊन जा हो सर."

त्यांच्या घरी कापड्याला गेलं की वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, आधी खुर्ची झटकत. त्यावर काहीतरी असायचंच. बैलाचा खूर, खवल्या मांजराचं खवलं, घोरपडीची कवटी. वहिनी म्हणत, "डब्याची पिशवी उघडल्याबिगर कळत नाय बाई, आत भाकर हाय का जबडा." त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पण कुठलं हाड कुत्र्याचं आणि कुठलं कोल्ह्याचं, हे त्या वास घेऊन सांगत, आणि सर तोंडाने नाही म्हणत व दातांवरून तपासून पुन्हा हो म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या संग्रहात नव्हती. जीवाश्म. दगड झालेलं हाड. ते स्वतःच मुलांना सांगत, "आपला डोंगर वितळलेल्या दगडाचा आहे. त्यात हाड शोधणं म्हणजे चुलीत कागद शोधणं. दुसऱ्यांच्या दगडावर विश्वास ठेवायचा, दुसरा उपाय नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरायचा. गुजरातेत डायनासोरची अंडी सापडतात, नागपूरकडे सापडतात, आणि आपल्याकडे नुसती करवंदं. त्यांना ते मनातून लागायचं.

सर निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळाच्या आधी त्यांनी मुख्याध्यापकांकडे एकच मागणी केली. दहावीचा उत्क्रांतीचा धडा दरवर्षी मी येऊन घेईन. पैसे नकोत, हजेरीपट नको. मुख्याध्यापक हो म्हणाले. त्यानंतर दर पावसाळ्यात एका शनिवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री टेकत यायचे आणि तेवढा एक धडा शिकवून जायचे. उरलेलं वर्ष ते त्या शनिवारची तयारी करत असावेत.

धडा कसा, तर पहिली दहा मिनिटं ते मागच्या वर्षीचं स्वतःचं चुकलेलं सांगायचे. फळ्यावर माणसाच्या भावकीचं झाड काढायचे, मग म्हणायचे, "ही फांदी मी गेल्या वर्षी इथे काढली होती. मधे एक नवी कवटी सापडली. ही फांदी इथे नाही." आणि तळहाताने पुसून दुसरीकडे काढायचे. शर्टाची बाही पांढरी. "जो विषय पुसता येतो तोच खरा," हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते वाक्य फार आवडायचं. व्याकरणाच्या तासाला मी ते वापरून पाहिलं, तर मुलं म्हणाली, मग समास पुसा.

पण हीच सवय त्यांना नडली. दोनेक वर्षांपूर्वी परदेशात कुठे जुनी कवटी सापडल्याची बातमी आली. माणूस आपण समजत होतो त्याहून फार आधी वेगळा झाला असावा, असं काहीसं. पेपरात मथळा आला, माणसाचा इतिहास पुन्हा लिहावा लागणार. मोबाइलवर येईपर्यंत तो झाला, डार्विन खोटा ठरला. दुसऱ्या एका बोर्डाने तर दहावीतून हा धडाच काढला, हेही त्यालाच चिकटवलेलं. सरांच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, घाटकोपरला ज्यांचा टेम्पोचा धंदा आहे, त्यांनी ते गावच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, सरांनी उत्तर द्यावे.

सरांनी दिलं. इतकं लांब दिलं की ग्रुपवर कुणाचं बारसं होतं त्याचे फोटो वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त अध्यक्षांनाच लिहिता येईल अशी सोय झाली.

शिमग्याला मुंबईकर गावी आले तेव्हा विषय देवळात निघाला. शाळेच्या कमिटीवर गावकीचेच लोक, त्यामुळे देवळात ठरलं ते शाळेत ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला सरांबद्दल रिस्पेक्ट हाय. पण सर दरवर्षी स्वतःच पोरांना बोलतात, मागच्या वर्षी मी चुकीचं शिकवलं. मंग पोरांनी काय करायचं? पेपरात लिहिलेलं वापस घ्यायचं?" गावकीतले सगळ्यात वडीलधारे आबा, ते कधी आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "सर, एखादा पुरावा दाखवा ना. आपल्या मातीतला. लांबचा कोन बघायला जातो." पुढच्या सभेत पुरावा दाखवावा, नाहीतर धडा बंद, असं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात वरच्या वाडीच्या रस्त्याला जेसीबीने दरड कापली, तिथे एक दगड फुटून निघाला. वीतभर लांब, कमानीसारखी वाकलेली पोकळी आणि तिच्यात ओळीने पांढऱ्या, टोकदार दाढा. सरांनी मला फोन करून बोलावलं. मी स्कूटीवरून गेले. ते दरडीखाली उकिडवे बसले होते आणि दगडाच्या वरचा लाल मातीचा थर मला दाखवत होते. "दोन लाव्हांच्या मधे कधी तळं साचतं. त्याचा गाळ बसतो. मुंबईत अशाच मधल्या थरात बेडूक सापडलेत. बाई, हा गाळ आहे." मी म्हटलं, "सर, चुलीत कागद." ते म्हणाले, "कधी कधी कागद चुलीच्या मागे पडतो." मला दाढा दिसत होत्या, अगदी स्पष्ट. पण मला ढगातही हत्ती दिसतात, तेव्हा माझ्या दिसण्याला अर्थ नाही.

जन्मभर ज्यांनी मुलांना शंका घ्यायला शिकवली, त्यांनी त्या एका दगडावर शंका घेतली नाही. सभा तोंडावर आली होती.

सभा सरांनी जिंकली. देवळात तो दगड पाटावर ठेवला होता. बायका हळूच हात लावून बघत होत्या. कुणी म्हणालं राक्षसाचा, कुणी म्हणालं रेड्याचा, एकीने तर हळदकुंकू वाहिलं. सरांनी ते पुसलं नाही. अध्यक्षांनी दगडाबरोबर सेल्फी घेतला आणि म्हणाले, "मानलं सर." धडा राहिला.

सरांनी दगडाचे फोटो आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवले होते. तो पुण्याला भूशास्त्र शिकवतो. दापोलीला जाताना तो वाट वाकडी करून कापड्याला आला. त्या दिवशी मी तिथेच होते. त्याने भिंग काढलं, दगड अंगणात उजेडाला नेला, फिरवला, परत आणला. मग म्हणाला, "सर, लाव्हा थंड होताना आत बुडबुडे राहतात. त्यात पुढे पाणी झिरपून हे स्फटिक वाढतात. आपल्या घाटात खूप आहेत. लाल थर म्हणजे गाळ नाही, वरून आलेल्या लाव्हाने भाजलेली माती आहे."

"दाढा नाहीत."

"नाहीत सर."

सर म्हणाले, "मी तुला हे नववीत शिकवलं होतं."

"हो सर," तो म्हणाला, आणि त्याला रडू येईल असं मला वाटलं.

वहिनींनी चहा आणला. कुणी घेईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "मंग काय झाला? गाव खूश हाय. जबडा तर जबडा. कुनाच्या पोटात दुकतोय?" विद्यार्थीही म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही सर. धडा तर चालू राहील." रात्री माझ्या नवऱ्याने ऐकून तेच सांगितलं, आणि नवरा एरवी खोटं बोलणारा माणूस नाही. मीसुद्धा मनात हाच हिशोब करत होते, की एका खोट्या दगडावर एक खरा धडा टिकत असेल तर वाईट काय.

सर दगडाकडे बघत होते. म्हणाले, "मग त्या शनिवारी मी पहिली दहा मिनिटं काय शिकवू?"

ते गावकीपुढे उभे राहिले. सकाळची वेळ होती, देवळात ऊन आलं होतं. मी बायकांच्या बाजूला वहिनींजवळ बसले होते. सर म्हणाले, "मी दाखवला तो जबडा नाही. दगड आहे. मी चुकलो." एवढं म्हटलं आणि देवळात असा सुस्कारा सुटला, जसा लेक सुखरूप बाळंत झाल्यावर घरात सुटतो. सर पुढे म्हणत होते, "पण त्याने धडा चुकत नाही. उलट..."

आबा उठले होते. त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "बास सर. एवढा शिकलेला मानूस, गावापुढं चुकलो म्हनाला. आता पुढं काय बोलू नका. नारळ ठेवा."

आमच्याकडच्या या रिवाजाबद्दल सांगायला हवं. गावकीपुढे कुणी चूक कबूल केली की देवापुढे नारळ ठेवायचा. नारळ ठेवला की तो विषय संपला. बांधाचा असो, लग्नाचा असो, डोकं फुटल्याचा असो. पुन्हा कुणी काढायचा नाही. ज्याने चूक केली त्याला कुणी टोचायचं नाही, आणि त्यानेही तो उकरायचा नाही. या नारळाने कितीतरी तुटलेली घरं एका पंगतीला बसलेली मी पाहिली आहेत. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

सरांनी नारळ ठेवला. त्यांनी तो दगडापुरता ठेवला. गावाने तो अख्ख्या धड्याचा धरला.

त्यानंतर गाव त्यांच्याशी इतकं चांगलं वागलं की सांगता सोय नाही. वालाच्या शेंगा आल्या, रातांबे आले, अध्यक्षांनी मुंबईहून मिठाई पाठवली. सर शाळेत विचारायला आले, तर मुख्याध्यापकांनी स्वतः उठून पंखा लावला. "सर, तुम्हीच सांगा, मी कसं करू? नारळ ठेवलाय. मी विषय काढला असं होईल. नवीन मॅडम घेतील तेवढा पोर्शन." नवीन मॅडम लातूरच्या, गुणी मुलगी आहे. तिनेही गावातल्या दोघातिघांना विचारलं आणि वर्गात सांगितलं की हा धडा घरी वाचा, जमेल तेवढा.

मे महिन्यात गावच्या उत्सवात सरांचा सत्कार झाला. शाल घालताना अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आपल्या सरांचा दिल बडा हाय. बडे बडे सायंटिस्ट नाय बोलत, ते आपले सर बोलले. डार्विन चुकला, मी चुकलो." टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या. सर शाल सावरत उभे राहिले आणि त्यांनी माइककडे हात केला. शेजारी बसलेल्या आबांनी त्यांच्या मनगटावर नुसता हात ठेवला. दाबला नाही, ओढला नाही. हलकेच म्हणाले, "सर. नारळ." सर खाली बसले.

मी त्यांच्याबरोबर देवळातून त्यांच्या घरापर्यंत चालत गेले. वाटेत जो भेटेल तो हात जोडत होता. मी बोलण्यात हुशार समजली जाते. तरी म्हटलं, "लोक किती मानतात तुम्हाला." मूर्खासारखंच होतं ते.

सर म्हणाले, "रागावले असते तर बरं झालं असतं, बाई. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. माफ केलेल्याशी काय बोलणार?"

आता नवरा नेहमी इथे विचारतो, "पुढे काही बरं झालं की नाही?" आणि मी सांगते, झालं नाही. त्या वर्षीच्या मुलांनी धडा घरी वाचला, म्हणजे वाचला नाही. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न आला, तो बऱ्याच जणांनी सोडून दिला. वहिनींनी हाडं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. सरांनी अडवलं नाही, असं त्याच म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांना हायसं वाटलं नव्हतं.

यंदा पावसाळ्यात एका शनिवारी मी दहावीला कविता शिकवत होते. खिडकीतून समोर एसटीचा थांबा दिसतो. तिथे सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, छत्री गुडघ्यांमधे. पोलादपूरची गाडी आली आणि गेली. ते उठले नाहीत. उलटी गाडी आली, तरी उठले नाहीत. मुलांनी त्यांना पाहिलं आणि खिडकीशी गर्दी केली. मी कुणाला बसायला सांगितलं नाही. मुलांनी हात केला. सरांनीही केला, जसा आपण कुठल्याही मुलांना करतो.

यंदाच पाचाडकडून आलेली एक मुलगी होती वर्गात. तिने शेजारणीला विचारलं, "कोण गो ते? आत का नाय येत?"

शेजारीण सांगू लागली, आणि तिच्या आवाजात ना चेष्टा होती ना वाईट वाटणं. पाणी उतारावरून खाली येतं हे आपण ज्या आवाजात सांगतो, तोच आवाज. "ते येत नाय. त्यांचा नारळ ठेवलाय."

"कशाचा?"

"ता इचारायचा नसतो," ती म्हणाली, आणि दोघी जागेवर जाऊन बसल्या.